मग्न महाराजांची आई

सरकारी कामाला नावं ठेवायची आपल्याला सवय असली, तरी त्या दुष्काळात छावणीतल्या जनावरांची बडदास्त नीट होती, हे कबूल केलं पाहिजे. शिरूर कासारच्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली होती. जनावरांच्या डोक्यावर हिरवी जाळी, पुढ्यात मोजून चारा, वर पेंड, दोन वेळा टँकरचं पाणी आणि रोज सकाळी जनावरांच्या डॉक्टर. एखाद्या गायीनं दिवसभर वैरणीला तोंड लावलं नाही तर तिच्याभोवती चार माणसं जमायची. तिच्या पोटाला हात लावायची, डोळे बघायची, काय होतंय गं म्हणून विचारायची.

छबुबाई हे सगळं बघायची आणि तिला राग यायचा. गायींचा नाही. तिच्या स्वतःच्या दोन गायी छावणीत होत्या, त्यांच्या पाठोपाठ तीही घरदार बंद करून माळावर राहायला आली होती. राग याचा यायचा, की तिच्या सिदूनं चोवीस वर्षांत कितीदा जेवणावरून तोंड फिरवलं, पण त्याच्यासाठी अशी छावणी काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सिदू अंगानं धिप्पाड, दाढी राखलेला. राखलेली म्हणजे काय, आईला करू द्यायचा नाही म्हणून वाढलेली. नजरेला नजर द्यायचा नाही. उभ्या उभ्या मागेपुढे डुलायचा. दिवसभर गुरांच्या दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि प्रत्येक खुंटीला हात लावायचा. एकही खुंटी चुकवायचा नाही, आणि कुणी मध्ये आलं तर स्वतःचं मनगट चावायचा. आपणहून बोलायचा नाही. कुणी काही बोललं की त्यातला शेवटचा तुकडा, बोलणाऱ्याच्याच सुरात, परत द्यायचा. ‘सिदू, भाकर खातूस का?’ म्हटलं की ‘खातूस का?’ एवढंच यायचं.

त्याच्यासाठी छबुबाई कुठं गेली नव्हती? पोर बोलत नाही म्हणून दर्ग्यात जाऊन गंडा बांधून आणला. कपिलधारला धबधब्याखाली धरलं, तेव्हा तो असा किंचाळला की दर्शनाला आलेली माणसं आपलं गाऱ्हाणं विसरून तिच्यासाठी हात जोडू लागली. शाळेत गुरुजी म्हणाले, ‘याला धरून बसू का बाकीच्यांना शिकवू?’ पुढं कुणी तरी सांगितलं, बीडला अशा लेकरांची शाळा आहे, राहायची सोय आहे. ती धावत गेली. तिथल्या बाई फार चांगल्या. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडं अठरा वर्षांपर्यंतच घेतात. थोडं आधी यायला हवं होतं.’ सिदूला तेव्हा एकोणिसावं लागलं होतं. आधी माहीत असतं तर आधी नसती का आली ती?

नवरा धोंडीराम ऊसतोडीला म्हणून गेला तो परस्पर पुण्याला गेला आणि एका बिल्डिंगच्या दारावर राखणदार झाला. स्वतःच्या दारावर कोण बसलंय, हे बघायला त्याला सवड झाली नाही. छबुबाई मात्र सुटली नाही. सिदूला आंघोळ तिनं घालायची, बाहेर तिनं न्यायचं, रात्री तो उठला की तिनं उठायचं. आईच्या मातीला माहेरी जाता आलं नाही. कधी कधी तिला सिदूचा वीट यायचा आणि मग वीट आला म्हणून स्वतःची चीड यायची. सगळ्यात जास्त भीती एकाच गोष्टीची होती. आपण मेल्यावर याला भाकर कोण देईल, आणि मुख्य म्हणजे, हा कुणाच्या हातची खाईल?

तर छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टर, सानप मॅडम, एका सकाळी बायनाबाईच्या गायीला सुई टोचून हात धूत होत्या. बायनाबाई म्हणजे छबुबाईच्या शेजारच्या दावणीची. मॅडम हात धुता धुता सिदूकडं बघत राहिल्या. लोक बघतात तसं नाही. ओळखीचं माणूस दिसल्यासारखं बघत होत्या.

“मावशी, हा खुंट्या मोजतो का?”

“मोजतो का काय म्हायती. हात लावतो. येडा हाय वो माय तो.”

“वेडा नाही. वेडा म्हणू नका त्याला. हा स्वमग्न आहे. माझा धाकटा भाऊ असाच आहे.”

मग मॅडमनी हात पदराला नाही, ओढणीला पुसले आणि खाली बसल्या. बीडला एक कार्यशाळा आहे, म्हणाल्या. मोठ्या मुलांची. अठराच्या वरच्यांची. भाऊ तिथंच असतो, द्रोण-पत्रावळ्या करतो, राहतोही तिथं, आणि खुंट्या मोजल्या तरी त्याला कुणी काही म्हणत नाही. तिथं एक जागा रिकामी झाली आहे. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी औरंगाबादहून मोठे डॉक्टर येणार आहेत, मुलाला समोर बसवून ठरवणार आहेत. ते दुपारपर्यंतच असतात, तेव्हा सकाळीच निघा. “उद्यापासून माझी नेमणूक दुसऱ्या छावणीवर आहे, तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. त्या दिवशी मी तिथं असेन. फक्त मुलाला घेऊन या.”

छबुबाईला रडू आलं नाही. तिला भूक लागली. किती तरी दिवसांनी चांगली कडकडून भूक लागली, आणि ती भाकर मोडून खात असताना बायनाबाई येऊन टेकली.

“छबे, मॅडम काय म्हणत होत्या गं एवढं?”

आता इथं छबुबाईनं बीडचं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जागा एकच, आणि सांगितली की दुसरं कुणी पळवील, ही भीती. म्हणून तिनं दुसरंच सांगितलं. मॅडमचा तो शब्द तिला अर्धाच आठवत होता.

“म्हणल्या, येडा न्हाई त्यो. मग्न हाय.”

“मग्न?” बायनाबाईचा हात गुडघ्यावरच राहिला. “आगं माय! कशात?”

“मला काय ठावं. सोताच्यातच मग्न हाय म्हणल्या.”

आणि हे म्हणताना छबुबाईचा आवाज थोडा चढला. का चढू नये? चोवीस वर्षांत पोराबद्दल चारचौघांत सांगण्यासारखा हा पहिला शब्द तिच्या हाती आला होता. बायनाबाईनं आपल्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि सिदूकडं बघितलं. तो डुलत होता. इतकी वर्षं तो असाच डुलत आला होता, पण बायनाबाईनं त्याला टाळ-मृदंगाशिवाय भजनात रंगलेला माणूस म्हणून पहिल्यांदा बघितलं.

त्याच दुपारी सिदू चालता चालता बायनाबाईच्या आजारी गायीपाशी थांबला. खुंटीवर गायीची मान पडली होती, खुंटीला हात लावल्याशिवाय पुढं जाता येईना, म्हणून तो तिथंच बसून डुलत राहिला. दिवस कलताना गाय उठली आणि वैरणीला लागली. सकाळच्या सुईचं नावही कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायनाबाईनं सिदूपुढं नारळ ठेवला. तिसऱ्या दिवशी कुणी तरी विचारलं, “म्हैस गाभण ऱ्हाईल का वो?” सिदू म्हणाला, “ऱ्हाईल का वो.” त्या माणसानं त्यातलं ‘ऱ्हाईल’ तेवढं घरी नेलं. मग लोक शहाणे झाले. त्यांनी प्रश्नाचं शेपूटच तोडून टाकलं. “पाणी लागंल, महाराज!” म्हणायचं, की लगेच “पाणी लागंल, महाराज!” असं पक्कं उत्तर यायचं. एवढं खात्रीचं बोलणारं त्या माळावर दुसरं कुणी नव्हतं. आठवड्याच्या आत सिदूचे मग्न महाराज झाले.

छबुबाईनं काय केलं? काहीच केलं नाही, आणि त्याला कारण होतं. लोक सिदूला भाकर आणून देऊ लागले. बायनाबाई म्हणाली, ‘तू जरा पड, मी बसते महाराजांपाशी.’ छबुबाई पडली ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपली. जागी झाली तेव्हा तिला आधी भीती वाटली आणि मग इतकं बरं वाटलं, की ती तशीच पडून राहिली. सिदूपाशी बसायला बायकांत भांडणं होऊ लागली. ज्या पोराला बघून माणसं दार लावून घ्यायची, त्याच्या ताटाखाली आता पाट यायचा. ती एकटी विहिरीवर जाऊन आली. एकटी बाजारात जाऊन आली, आणि तिथं काही न घेता नुसती हिंडली. येडा म्हटलं असतं तर यातलं काही मिळालं असतं? बीडला जायचंच आहे, तोवर राहू दे चार दिवस महाराज, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण चेअरमन भगवानराव चार दिवसांच्या हिशेबानं चालणारा माणूस नव्हता. तो दूध संस्थेचा चेअरमन, छावणी त्याचीच. चाऱ्याच्या वजनावरून रोज होणारी भांडणं महाराज झाल्यापासून थांबली होती, हे त्याच्या बरोबर ध्यानात आलं. त्यानं फाटकाजवळ पेंडीच्या पोत्यांवर फळ्या टाकून बैठक केली, वर नवी जाळी बांधली आणि गर्दी अंगावर येऊ नये म्हणून चारी बाजूंनी बांबूचा कठडा मारला. राखायला बिभीषण नावाचा आपला गडी ठेवला. आत महाराज, बाहेर रांग.

आत सिदूला खुंट्या नव्हत्या. चालायला पाच पावलं जागा होती. तो या बांबूपासून त्या बांबूपर्यंत जायचा आणि लोक म्हणायचे, महाराज प्रदक्षिणा घालतात. बांबूतून हात आत यायचे, पायाला, पाठीला, दाढीला लागायचे. ज्याला आईचाही हात आंघोळीपुरताच चालायचा, त्याच्या अंगाला दिवसभर शंभर हात. तो किंचाळला की घंटा वाजायची आणि घंटा वाजली की तो जास्त किंचाळायचा. त्याचं मनगट सोलून निघालं. एका बाईनं त्या मनगटाचं रक्त कुंकवात मिसळून नेलं, तेव्हा मात्र छबुबाई उठून कठड्यापाशी गेली. हे आपण केलं, एका शब्दानं केलं, हे तिला कळलं. पण आता तो शब्द तोंडात परत कसा घ्यायचा, ते कळेना.

बुधवारी ती भगवानरावाकडं गेली.

“दादा, उद्या मला सिदूला घेऊन बीडला जायचंय. दवाखान्याचं काम हाय.”

“उद्या?” भगवानराव हसला. माणूस वाईट नव्हता, निदान हसताना तरी नव्हता. “काकू, उद्या तर भंडारा हाय. पाली, पार बीडपासून माणसं येऊ राहिलीत. आन् महाराजांना दवाखाना कावून?”

“त्याला तरास व्हतोय, दादा. हात बघा त्याचा.”

“त्यांचं त्यांना ठावं. आपण कोण मधी बोलणार?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्या गायींना पेंड कमी पडती का? तुमाला कुणी उलटून बोलतं का? मग? भंडारा झाला की माझ्या गाडीत घालून नेतो तुमाला. शब्द हाय माझा.”

“उद्याच डॉक्टर येणार हायत. उद्या न्हाई गेलं तर जागा जाती.”

“कसली जागा?”

छबुबाईनं सांगितलं. राहायची, खायची, पत्रावळ्या करायची. भगवानरावानं सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर नवल वाटून विचारलं, “इथं द्येव म्हणून बसलेलं पोर तिथं पत्रावळ्या लावायला नेताव? आई हाव का कोण हाव?”

ती परत आली.

गुरुवारी पहाटे, बिभीषण परसाकडं गेलेला बघून तिनं कठड्याचा सुंभ सोडला आणि सिदूला बाहेर काढलं. त्याच्या अंगात आदल्या दिवशी घातलेली पांढरी कफनी होती, ती काढायला वेळ नव्हता. बाहेर येताच सिदू दावणीकडं वळला. इतक्या दिवसांनी खुंट्या दिसल्या, तो सोडतो होय! पहिल्या खुंटीला हात लावला, दुसरीला लावला. छबुबाई त्याला ओढू शकत नव्हती, ओढलं की बोंब झाली असती. ती त्याच्यामागं एकेका खुंटीपाशी थांबत, देवा उरक म्हणत चालली. दावण अर्धी व्हायच्या आत गुरांना वैरण टाकायला माणसं उठली. दावण संपून दोघं फाटकाबाहेरच्या सडकेला लागली, तोवर मागून आरडाओरडा उठला होता.

“महाराज चालले! आरं, महाराज आपल्याला टाकून चालले!”

माणसं पळत आली. कुणी रागावलेलं नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं, छबुबाईला भांडता येत होतं. ती माणसं रडत होती. म्हातारी माणसं सडकेवर आडवी पडली. आमचं काय चुकलं, महाराज, म्हणून बायका कपाळ बडवू लागल्या. भंडाऱ्याच्या स्वयंपाकाला आलेला आचारी झारा घेऊन तसाच उभा होता. बीडकडं जाणारी एक जीप आली, समोर आडवी पडलेली माणसं बघून थांबली, आणि तिच्यातली माणसंही हात जोडून खाली उतरली. कुणी तरी हलगी आणली. हलगी कडाडली तशी सिदूनं दोन्ही कान झाकले, मटकन खाली बसला आणि मनगट तोंडात घातलं. चहूबाजूंनी हात त्याच्याकडं आले.

छबुबाई त्याच्यापुढं उभी राहिली. तिला कळलं, आता एकच शब्द आहे. सगळ्या गावानं तिच्या तोंडावर फेकलेला. त्या शब्दानं माणसं लांब होतात, दारं लागतात. आज लागू देत.

“येडा हाय त्यो!” ती बेंबीच्या देठापासून ओरडली. “म्हाराज न्हाई, बिराज न्हाई! ऐका माझं! येडा हाय माझा पोरगा!”

हलगी थांबली. सडकेवर चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत मागून, तिच्याच आवाजात, तिच्याच सुरात, सिदू म्हणाला,

“येडा हाय माझा पोरगा.”

आडव्या पडलेल्यांतला एक म्हातारा गुडघ्यावर उठला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“खरं हाय, महाराज,” तो म्हणाला. “आमीच येडे.”

“आमीच येडे!” बायनाबाई हुंदका देऊन म्हणाली, आणि मग सगळेच म्हणू लागले. महाराज लेकरू म्हणाले आपल्याला, पोरगा म्हणाले, आईच्या आवाजात म्हणाले! हलगी दुप्पट जोरानं सुरू झाली. भगवानराव गर्दीच्या कडेला टोपी काढून उभा होता, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. तो कुणाला फसवत नव्हता, हे तिला तेव्हा दिसलं, आणि ते दिसल्यावर तिची उरलीसुरली ताकद गेली.

सिदूला त्यांनी उचलून बैठकीवर परत आणलं. यावेळी छबुबाईही कठड्याच्या आत शिरली, तिला कुणी अडवलं नाही. रांग लागली. पहिला हात बांबूतून सिदूच्या पायाकडं आला तशी ती मध्ये बसली. पाठ सिदूकडं, तोंड लोकांकडं, पाय पुढं सोडून.

“महाराजांना हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. आवाज अगदी निवला होता. “आजपासून त्यांच्या आईच्या पाया पडायचं. त्यांचा हुकूम हाय.”

लोकांनी ते ऐकलं. तिनं सांगितलेली एवढी एकच गोष्ट त्यांनी ऐकली. हलगीही तिनं हात वर करून बंद केली. हळूहळू पाठीमागचं किंचाळणं कमी झालं, मग थांबलं. सिदू तिच्या पाठीला टेकला नाही, तो कधी टेकायचा नाही, पण तिच्या मागच्या सावलीत तो डुलू लागला, हे तिला न बघता कळत होतं.

उन्हं चढल्यावर तिच्या कनवटीचा फोन वाजला. सानप मॅडम होत्या.

“मावशी, कुठं आहात? डॉक्टर निघतील आता. अजून एक आई आलीय, मुलाला घेऊन. काय सांगू त्यांना? धरून ठेवू का तुमची जागा?”

छबुबाईनं समोर बघितलं. रांग फाटकाबाहेर, पार सडकेपर्यंत गेली होती. बिभीषण कठड्याला नवा सुंभ आवळत होता.

“पोरगा केवढा हाय त्या बाईचा?” तिनं विचारलं.

“असेल वीस-बावीसचा.”

“आन् ती बाई?”

“तुमच्याएवढी. का हो?”

“काय न्हाई. द्या तिला,” छबुबाई म्हणाली आणि फोन कनवटीला खोचला.

पुढच्या बाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. डोक्यावर हात ठेवल्याशिवाय ती उठायची नाही, आणि ती उठल्याशिवाय रांग पुढं सरकायची नाही, म्हणून छबुबाईनं हात ठेवला.